वारुळावरची अन् उकिरड्यावरची

पिंगळी स्टेशन, २६ जुलै १९५७
पंचमीला हिला माहेरी, पाथरीला जायचंय. पण जात न्हाई म्हणते. कारण मी. म्हणे, "माझ्यामागं तुमी उपाशी ऱ्हाल." तिकीटबाबू सबंध स्टेशन सांभाळतो, त्याला एक चूल जड? उद्यापासून स्वावलंबन. रानात अळंबी उगवलीच आहे.

२७ जुलै, सकाळ
दोन जाती आणल्या. वारुळावरची: मळकट, टोकदार टोपी, देठ मुळीसारखा खोल गेलेला. दिसायला सामान्य. उकिरड्याजवळची: पांढरीशुभ्र, ताटलीएवढी, देठाला कॉलर. टोपीखाली हिरवट झाक, म्हणजे ताजेपणा. दुसरी सरस.
ही म्हणाली, "ती कुत्र्याची छत्री हाय, टाकून द्या." अडाणी समजूत. निजामाच्या वेळचा चांदीचा हाली रुपया घालून उकळली. विष असतं तर रुपया काळा पडला असता. पडला नाही. सायंटिफिक प्रूफ!

२८ जुलै, दुपार
हिला न्यायला सासरे आले, आबासाहेब. दोन्ही भाज्या मी स्वतः केल्या. हिने वडिलांना वारुळाचीच वाढली. माझ्या ताटाकडे बघून आबासाहेबांनी विचारलं, "जावईबापू, ही खायाची असती का?" उत्तरादाखल पुन्हा वाढून घेतली. चव उत्तम. आता ही बिनघोर जाईल.

संध्याकाळ
पोटात गडबड. बहुधा भाकरी कच्ची.

२९ जुलै
ओकाऱ्या. जुलाब. आबासाहेबांनी डोकं धरलं होतं. ही रडत होती. सारखं एकच, "मी गेले असते अन् मागून तुमी खाल्ली असती तर?"
डॉक्टर म्हणाले, थोडक्यात बचावलात. त्यांना दोन जातींतला फरक समजावणार होतो, तेवढ्यात पुन्हा ओकारी.

३० जुलै
पेज. ही पंचमीला जायचं न्हाई म्हणून बसली. वाईट वाटलं. म्हणालो, जा, मी स्वावलंबी आहे. कोणी हसलंसुद्धा नाही. आबासाहेबांनी परस्पर माझी रजा टाकली आणि बैलगाडीत गादी घातली.

३१ जुलै, पंचमी. पाथरी
ही झोक्यावर. लय खूश. तिचं हसणं इथवर ऐकू येतंय. मी माजघरात, गोधडीत. सासूबाई शेजारच्या गोजरबाईंना कौतुकानं सांगत होत्या, औंदा लेकीसंगं जावईबी आल्यात. गोजरबाईंनी दारातून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "अन् ह्यांना सासरी कवा धाडायचं?"