पेनड्राइव्हला दिलेलं नाव

३ जून
आजपासून केबिन रोडला रॉनीभाऊच्या कॉम्प्युटर रिपेरिंगच्या दुकानात लागलो. मस्त वाटतंय. गावी गंगाखेडात आठवीतून शाळा सोडली तेव्हा सगळे हसलेले, आता हाच स्वप्नील शहरात एसीत बसतोय. काम सोपं आहे. पेनड्राइव्ह बूटेबल करायचा, म्हणजे त्यात विंडोज भरायची आणि बंद मशीनला लावायची. रॉनीभाऊ इथल्याच पाली गावचा, बोलणं तिखट पण माणूस बरा. नियम एकच, ज्याचं मशीन त्याचंच नाव पेनड्राइव्हला द्यायचं, म्हणजे अदलाबदल होत नाही. मला ड्रॉवरमधला जुना काळा पेनड्राइव्ह दिलाय.

५ जून
बूटच होत नाही. मशीन म्हणतं काही लावलेलंच नाही. तीनदा फॉरमॅट मारला, म्हणजे सगळं पुसून परत भरला. रॉनीभाऊ म्हणाला, पेनड्राइव्हला काय झालेलं न्हाय, तुझं डोकं करप्ट हाय, मागच्या पोर्टला लाव. लावला. झक मारली. वर ज्याचं मशीन तो कौस्तुभ न्यायला आलाच नाही. रॉनीभाऊ विचारतो, कोण कौस्तुभ. काल त्याच्याशी तासभर क्रिकेटवर भांडला हाच.

६ जून
दुपारी मिनलचा फोन. बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडलेत माझ्या बहिणीला, नर्सिंगला इकडे यायचंय, बाबा नाही म्हणतात. म्हटलं, मी आणतो तुला, बॅग भर. बोलता बोलता ट्रायल म्हणून पेनड्राइव्ह भरत होतो. गिऱ्हाईक नव्हतं, तिचंच नाव टाकलं. तिला सांगितलं तर हसली, म्हणाली, दादा, मी तरी बूट होते का बघ. नाही झाली. चिडून फॉरमॅट मारला. फोन कट झाला.

७ जून
मिनलचा नंबर अस्तित्वात नाही म्हणे. आईला लावला. आई म्हणाली, कोण मिनल. डोक्यात तिडीक गेली. आमच्याकडे पोरगी मनाविरुद्ध गेली की तिच्या नावानं अंघोळ करून मोकळे होतात. बाबांना वाट्टेल ते बोललो. शिकायचं म्हणाली म्हणून मेली का ती तुम्हाला? बाबा चिडले नाहीत. म्हणाले, बाळा, आम्हाला तू एकटाच आहेस, बरं नाही का तुला.

९ जून
तिची मैत्रीण समिधा पण तेच. कॉलेजच्या यादीत पण नाही. अख्खं गाव गप्प करायला बाबा काय सरपंच आहेत? मोबाइलमधल्या फोटोत माझा हात कुणाच्या तरी खांद्यावर — खांदाच नाही.
फळीवर तीन मशीनं पडलीत. नेणारं कोणी नाही. तिघांची नावं मीच त्या काळ्या पेनड्राइव्हला दिली, मीच पुसली.

१० जून
पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर लावलं. मिनल नावाचा फोल्डर निघाला. आत एक फाइल. तारीख आजची. दादा दादा दादा —
कॉपी होत नाही. वाढतेय.
रॉनीभाऊ म्हणतो खाडीत फेक. म्हटलं, हात लावून दाखव.

११ जून
नवीन ओळ आलीय. इथं खूप जण आहेत दादा, कुणी बोलत नाही.
बाहेर काढता येत नाही. आत जाता येतं.
पुसली कुणी? मी. या हातानं. आई विसरली तर विसरू दे.
नाव टाकलं, स्वप्नील. भरला. फॉरमॅट दाबला.
पट्टी अर्ध्यावर —
रॉनीभाऊ काउंटरवरून विचारतोय, काय पायजे शेठ, कुठलं मशीन आनलंय —
मिनल, सरक जरा, मी