आईनं सोडलेली खोली

बिरवाडी
ता. ८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
तेजूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की सगळी आळी गोळा होते, म्हणून हे पत्र. भागोजीदादा कंपनीतून सुट्टीवर वाडीला येतोय, त्याच्या हाती देते.

आईला घेऊन आम्ही नव्या खोलीत आलो. हिराकाकूंच्या घराची ही पुढची खोली, त्या एकट्याच मागे राहतात. मोरी आतच आहे आणि पाणी रोज येतं, म्हणजे राजेशाही थाट समजा. तुमच्या जावयांनी, राहुलने, कुणाची तरी जुनी शेगडी मिळवली. बादली घ्यायला आईला बाजारात नेलं, तर तिने दुकानातल्या सगळ्या बादल्या वाजवून पाहिल्या आणि शेवटी पहिलीच उचलली. दुकानदाराने मला हात जोडले!

महाडचे डॉक्टर म्हणाले की हृदय फार थकलंय, दवाखाना जवळ हवा, चढ चढायचा नाही. तिथून निघालो ते चवदार तळ्यापाशी जरा टेकलो, मग स्टँडसमोर मिसळ खाल्ली. उरलेला पाव आईने पदरात बांधला. मी लाजले, तर पैसे देऊन घेतलेला पाव टाकतात का, असं वर मलाच ऐकवलं.

तुमच्या भाकऱ्या अजून करपतात का? आई रोज विचारते. तब्येतीला जपा आणि आमच्यावर माया ठेवा.

तुमची,
तेजू

वाडी, पोलादपूर
ता. १६ फेब्रुवारी

चि. सौ. तेजूस,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझी चिठी पोचली. भागोजी बांधावरनं हाका मारून दमला म्हणे, मला कुठं ऐकाया येतंय. मग खांदा हलवला तवा कळलं.

भाकरी करपत नाय गो, जराशी काळी होते. आईला सांग, कोंबड्या बऱ्या हायत, तिची लाल कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली हाय. नाचणीचं पीठ धाडलंय. बादल्या वाजवायची तिची खोड जुनी हाय, लग्नाच्या टायमाला माझ्याकडचे हंडे पण वाजवून बघितले होते. मला वाजवून बघायचं राहिलं, म्हणून फसली.

घर लय मोठं वाटतं गो ती नसली की. पर तिला धाडायची घाई करू नको, डागदर सांगंल तवाच येऊ दे. हिराबाईंना माझा नमस्कार सांग. जावयांना आशीर्वाद. पोरी, लोभ ठेव.

तुझा,
बाबा

बिरवाडी
ता. १ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईच्याच पिशवीत घालते आहे. हो, ती येतेय. मी हरले.

गेल्या आठवड्यात हिराकाकू दुपारभर तिच्याशी बोलत बसल्या होत्या. त्या दिवसापासून आईने एकच धोशा लावलाय, मला घरी पाठव. मी डॉक्टरांचं सांगितलं, रागावले, रडले, एक दिवस बोललेच नाही. तर बाईसाहेब पहाटे उठून भाकऱ्या थापायला लागल्या. आळीतून दोन फेऱ्या मारून दाखवल्या आणि बघ, मला काय झालंय, असं मलाच विचारलं. तोंडावर तेजही दिसलं हो. मला खरंच वाटलं की औषध लागू पडलं.

तुमच्या भाकरीची काळजी लागलीय, एवढंच कारण सांगते. मला रजा नाही, राहुल जीपने थेट दारापर्यंत सोडेल. तिला पाणी भरू देऊ नका. पुढच्या महिन्यात मी येऊन तिला परत घेऊन जाईन, हे तिलाही बजावलंय. ती नुसती हसली. दोघांनी भांडू नका, आणि माझी आठवण असू द्या.

तुमची,
तेजू

वाडी, पोलादपूर
ता. २३ मार्च

चि. सौ. तेजूस,
आशीर्वाद.

तेराव्याला घरात माणसं होती, मला बोलता नाय आलं. खोली सोडून वाडीवर येते असं तू म्हणालीस, म्हणून आता लिवतो. खोली सोडू नको गो. तुझी आई त्या खोलीपायीच आली.

आली त्या दिवशी सांजच्याला तिनं माझ्या कानाशी तोंड लावून समदं सांगितलं. हिराबाई बोलल्या होत्या म्हणे, त्या खोलीत माणूस गेलं आणि खोली वरीसभर रिकामी पडली. तवाच तिनं ठरवलं. भाड्याच्या घरात मरण आणलं तर पोरीला कोण ठेवून घेईल, दुसरीकडं तरी कोण खोली देईल, असं म्हणाली. आपलं दिवस भरलं हे तिला कळलं होतं. तुला सांगू नको म्हणाली.

दुसऱ्या दिशी पहाटं गेली. आदी माझा हात धरला आणि कायतरी बोलली. दोनदा बोलली. कानाशी तोंड आणायचं बळ नव्हतं. मी कान खाली नेला, तरी मला नाय ऐकाया आलं गो. तू असतीस तर तुला कळलं असतं.

माझा जीव खातंय त्ये. माया ठेव.

तुझा,
बाबा

बिरवाडी
ता. ३० मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तशीच मागच्या दारी हिराकाकूंकडे गेले. त्यांना विचारलं. तेव्हा खरं काय ते त्यांनी सांगितलं.

बाबा, त्या खोलीत त्यांचे यजमान गेले. त्यानंतर भाडेकरू रोज दारात येत होते, कंपनीतली पोरं तर रांगेने. काकूंनीच कुणाला दिली नाही. तिथे दुसऱ्या कुणाची खाट बघवली नसती त्यांना. आई पहिल्या दिवशी उंबऱ्याला हात लावून, तो कपाळाला टेकवून आत शिरली, ते बघून त्यांनी आम्हाला होकार दिला. त्या दुपारी काकू आईपाशी मन मोकळं करत होत्या, आणि आईने ऐकलं भलतंच. काकू ऊर बडवून रडत होत्या. तिने मला एकदा तरी विचारायचं होतं, मी हात धरून बसले असते तिच्यापाशी, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मी खोली सोडत नाही. पण मला तिचा राग येतो बाबा, फार राग येतो. मीच तिची पिशवी भरली, जीपमध्ये तिला नीट बसवलं आणि हसत हात हलवला.

तुम्ही स्वतःला खाऊ नका. याच चैत्रात मी दोन दिवस येते. तेव्हा माझ्यासमोर बसा आणि तिचे ओठ कसे हलले होते, तसे मला हलवून दाखवा. आवाज नको. मी नीट बघेन.

तोवर वेळेवर जेवा. आता मला तुमचीच माया आहे.

तुमची,
तेजू