चुन्याखालचा आकडा

नागपूर, ८ ऑक्टोबर २०२५

ती. रुपरावदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहिते. तलावाच्या सुशोभीकरणाचं काम आमच्या काठापर्यंत पोचलं. पलीकडे दिवे, बाकं, कॉफीची दुकानं झाली. सुंदर दिसतं, नाही म्हटलं तर खोटं होईल. पण शेजारच्या यमुताईंना शिंगाडे विकायला पाण्याजवळ बसता येत नाही. गेटवरचा माणूस तिकीट मागतो. आपलाच तलाव पाह्याले पैसे काहून देऊ गा, असं त्यांनी त्याला सुनावलं.

काल दोघं जण येऊन आमच्या ओळीतल्या घरांवर लाल रंगाने आकडे टाकून गेले. आपल्यावर ३१. कुणी म्हणतं, आकड्याची घरं पाडणार. कुणी म्हणतं, आकडा असेल त्यालाच बदली घर. भिंतीले देवी आली काय वं, असं सासऱ्यांनी विचारलं. सगळे हसले. मला हसता आलं नाही.

रविवारी उन्नतीला पाहायला सावनेरचे लोक येताहेत. काय करू?

माया आहेच, ती असू दे.
तुझी शामला

रामटेक, १० ऑक्टोबर २०२५

चि. शामलास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं मोठ्यानं वाचलं, म्हणजे आता गल्लीलेही माहीत झालं. एवढी शिकली, कॉलेजची लायब्ररी सांभाळते, अन् एका आकड्याले भिऊन राहिली? दिवाळीले चुना लावतेच ना, मंग आठ दिवस आधी लाव. नाहीतर पाहुणे तुझ्या पोरीले सोडून भिंतीचीच चौकशी करतील. पोरीले काळी तीट, भिंतीले पांढरी!

ध्यान तुझ्याकडंच आहे.
रुपराव

नागपूर, १७ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चुना लावला. पाहुणे आले, उन्नती पसंत पडली, तिलाही मुलगा आवडला. पण काल ते दोघं परत आले. आकडा वाचायचे आणि घरच्यांना त्याखाली उभं करून फोटो काढायचे. यमुताईंनी फोटोसाठी नीट पदर घेतला. आमच्या दारावरून ते तसेच पुढे गेले.

मी मागे धावले. हे घर यात नाही, असं एक जण म्हणाला. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग विचारलं, पाडण्यात नाही की घर देण्यात नाही? त्यालाही ठाऊक नव्हतं. तीसनंतर एकदम बत्तीस कसा, असं विचारलं तर मधला रद्द झाला असेल म्हणाला.

यमुताई तेव्हापासून बोलत नाहीत. शिकलेल्या लोकायचा वशिला राह्यते, आपला आकडा पुसून घेतला, असं नळावर म्हणाल्या. त्यांना वाटतं आम्ही वाचलो. मला वाटतं त्या वाचल्या. मी आकडा पुन्हा लिहू का? आकडा खरा, पण हात माझा. मग ते खरं की खोटं? लाल रंगाचा डबा आणून ठेवलाय, उघडला नाही.

सांभाळून घेणारा तूच आहेस.
शामला

रामटेक, २३ ऑक्टोबर २०२५

चि. शामलास,
आशीर्वाद.

चुन्याचं माझंच डोकं होतं. आकडा लिहू नको. पकडली तर उन्नतीच्या सासरी बोभाटा होईल. वहिनी म्हणते, लिहून टाक. आमचं यावरून भांडण चालू आहे. माडी झाडून ठेवली. सामानासाठी ट्रॅक्टर केव्हाही पाठवतो. पत्र आलं की आता मीच हळू वाचतो.

तुझा दादा

नागपूर, १ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ओळीच्या टोकाला पाडायचं यंत्र आणून उभं केलंय. अजून चालू झालेलं नाही.

सावनेरहून निरोप आला, लग्नपत्रिकेत मुलीकडचा पत्ता कोणता छापायचा? छापा की हाच, दुसरा हाय कोणता, असं सासरे म्हणाले. उन्नतीने माझ्याकडे पाहिलं.

आज सकाळी चुन्यातून लाल रंग वर फुटला. तीन ओळखू येतो; पुढचा एक म्हटला तर एक, नऊ म्हटला तर नऊ. यमुताई जाताना थबकल्या आणि कित्येक दिवसांनी बोलल्या, निघून राहिला वं तुझाही आकडा. आनंदाने म्हणाल्या की कीव येऊन, कळलं नाही.

चुन्याची बादली आणि रंगाचा डबा, दोन्ही मी आत नेऊन ठेवले. जे वर येतंय ते येऊ दे.

उत्तर याच पत्त्यावर पाठव. लवकर पाठव.
शामला