कुठे अडलं, तेही लिही

येलहंका, बंगळुरू
९ जानेवारी २०२५

चि. शलाकास वसुमती अक्काचे अ. उ. आ.

फोनवर बोलता येत नाही म्हणून मेल लिहिते आहे, पण मायना सोडणार नाही. तुझ्या बाबांनीच, म्हणजे आमच्या काकांनी, लहानपणी समोर बसवून शिकवलेला आहे.

घशाच्या ऑपरेशनला दोन महिने झाले. डॉक्टर म्हणाले, गाठी गेल्या, पण वर्गात उभं राहून शिकवणं आता विसरा. सतरा वर्षं विज्ञान शिकवलं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. आता माझा आवाज स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत पोचत नाही. गंमत बघ, आवाज माझा गेला आणि लोक माझ्याशी ओरडून बोलतात. शेजारची भाग्यलक्ष्मी तर हातवारेच करते. परवा साखर मागायला आली, तर चहा ढवळून दाखवला. मीही खुणेनेच सांगितलं, संपली.

तुझे भावोजी म्हणतात, स्वल्प विश्रांती घे. अगं, विश्रांती दमलेल्या माणसाने घ्यायची. मी दमलेली नाही. सकाळी कोपऱ्यावर शाळेची बस वळली की हात आपोआप पर्स शोधतो. मी पाठमोरी असताना ‘बिचारी’ हा शब्द दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकण्याआधी मला काम हवं आहे.

तू घरून काम करतेस ते नक्की असतं काय? माझ्यासारखीला मिळेल का? कन्नड, मराठी, इंग्रजी लिहिता येतं. आठवीपर्यंतचं विज्ञान येतं. बोलता येत नाही. एवढंच भांडवल.

शमिका अजून आहे ना तुझ्या फ्लॅटवर? दोघी वेळेवर जेवता ना? सगळं लिही. मागच्यासारखं नुसतं ‘ठीक आहे’ पाठवू नकोस.

तुझ्यावर जीव असलेली,
अक्का


इलेक्ट्रॉनिक सिटी, बंगळुरू
११ जानेवारी

ती. वसुमती अक्कास शलाकाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू विचारलंस त्या क्रमाने उत्तरं देते.

घरून काम दोन प्रकारचं असतं. एकात ऑफिसच घरी येतं, दिवसभर मीटिंग आणि कॉल. ते तुझ्यासाठी नाही. दुसऱ्यात माणसं वेगवेगळ्या गावांत, आपापल्या वेळांना बसतात आणि जवळजवळ सगळं लिहून चालतं. एकाने जिथे सोडलं तिथून दुसऱ्याला न विचारता उचलता आलं पाहिजे, असं लिहायचं. माझं काम या प्रकारचं आहे. टीममधल्या एकाचा आवाज मी अजून ऐकलेला नाही, पण त्याने लिहिलेलं मी नाव न बघता ओळखते. इथे आवाज नसणं ही उणीव धरत नाहीत.

‘घरबसल्या काम’ असं शोधू नकोस. त्यात फसवणारेच जास्त सापडतात. नोंदणीसाठी आधी पैसे मागणारा काम देत नसतो. तुला जे येतं त्या नावाने शोध. शाळेच्या धड्यांचे व्हिडिओ करणाऱ्या कंपन्या आहेत. व्हिडिओखाली ज्या ओळी दिसतात त्या कन्नड-मराठीत तपासणारी आणि विज्ञान कळणारी माणसं त्यांना सहज मिळत नाहीत. पदव्यांची यादी पाठवण्यापेक्षा एखादा धडा घेऊन त्याच्या ओळी दोन्ही भाषांत लिहून पाठव. घशाबद्दल एकच वाक्य लिही. तीन लिहिलीस तर ते तुझ्याऐवजी घशाचा विचार करतील.

काम मिळालं की दार लावून बस. घरातल्यांना माणूस दिसतं, काम दिसत नाही. आणि रोज संध्याकाळी टीमला कळव की आज काय केलं, कुठे अडलं, उद्या काय. मधली गोष्ट लोक गाळतात. अडलं म्हणायला कमीपणा वाटतो. पण समोर नसलेल्या माणसाचा चेहरा कोणालाच वाचता येत नाही, हे लक्षात ठेव.

शमिका पुण्याला गेली. बाकी ठीक.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो राहू दे.

शलाका


येलहंका
२ फेब्रुवारी

चि. शलाकास अ. उ. आ.

तुझ्यासाठी पेढे ठेवले होते, पण तू येईपर्यंत टिकायचे नाहीत म्हणून आम्हीच संपवतो आहोत. काम मिळालं! म्हैसूरची छोटी कंपनी आहे. मी जलचक्राचा धडा पाठवला. तिथलं सगळं बघणाऱ्या श्रीविद्याबाईंनी मुलाखतसुद्धा लिहूनच घेतली. घशाबद्दल एकच वाक्य लिहिलं. दुसरंही लिहिलं होतं, मग खोडलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? महिनाभर बघणार, मग ठेवायचं की नाही ते ठरवणार.

पहिल्या दिवशी शाळेतली सुती साडी नेसले, घड्याळ बांधलं, पर्स घेतली आणि आतल्या खोलीत गेले. तुझे भावोजी खोलीच्या दारापर्यंत पोचवायला आले आणि विचारतात काय, डबा घेतलास का. पोट धरून हसले मी, आवाज न करता.

भाग्यलक्ष्मीला मात्र हे काम आहे असं पटेना. रोज यायची आणि म्हणायची, सुम्ने, उगीचच घरात बसला आहात ना, म्हणून आले. शेवटी शाळेतली जुनी पाटी शोधून दारावर लावली, ‘परीक्षा सुरू आहे, शांतता राखा’. आता ती पाऊल न वाजवता येते आणि खिडकीतून खुणा करते.

माझ्याबरोबर प्रणीत नावाचा मुलगा आहे, हासनहून काम करतो. हुशार आहे, पण घाईचा. मला मॅम लिहितो.

शमिका गेली हे तू तीन शब्दांत उरकलंस. कधी गेली? मग त्या चौदाव्या मजल्यावर तू एकटीच का? बोलतेस कोणाशी?

वाट पाहणारी,
अक्का


इलेक्ट्रॉनिक सिटी
४ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

अभिनंदन. पाटीची कल्पना चांगली आहे. मला तशी गरज पडत नाही.

शमिका ऑगस्टमध्ये गेली, लग्न ठरलं म्हणून. मी जेवते. बोलण्याचं म्हणशील तर दिवसभर टीमशी संपर्क असतो.

संध्याकाळच्या तीन गोष्टी तू लिहितेस ना? पत्रात उल्लेख नाही.

लोभ आहेच.

शलाका


येलहंका
२१ फेब्रुवारी

चि. शलाकास अ. आ.

श्रीविद्याबाईंचा निरोप आला आहे. म्हणे तुमच्या नावावरचं काम फार थोडं दिसतं. शिवाय दुसऱ्यांनी पूर्ण केलेल्या धड्यांत कोणीतरी न कळवता बदल करतं, त्यामुळे दोघांना तेच काम पुन्हा करावं लागलं. तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे का?

अय्यो शलाका, ती मीच गं. प्रणीतच्या धड्यांत चुका राहतात. परवा समुद्राच्या चित्राखाली ढग कसा बनतो ते लिहिलेलं आणि ढगाच्या चित्राखाली पाण्याची वाफ कशी होते ते. पोरं उलटं शिकतील की! मी दुरुस्त केलं. आणखीही पुष्कळ. त्यातच दिवस जायचा आणि माझे धडे मागे पडायचे. सांगितलं नाही, कारण मुलाची चूक चारचौघांत काढायची नाही हा माझा वर्गातला नियम. वहीवर वाकून हळूच दुरुस्त करायची. घरात तरी आपण काय करतो? कोणाचं सांडलेलं पुसतो आणि गप्प राहतो. संध्याकाळी मी रोज एवढंच लिहीत आले की सगळं व्यवस्थित आहे, काही अडलं नाही.

आता काय लिहू? मला माहीत नाही म्हणू? की त्यांनी काढण्याआधी मीच सोडते म्हणू? तुझ्या भावोजींना सांगितलेलं नाही. दारावरची पाटी काढून ठेवली आहे.

अक्का


इलेक्ट्रॉनिक सिटी
२१ फेब्रुवारी

ती. अक्कास,

दोन्ही लिहू नकोस.

त्या फाइलमध्ये प्रत्येक बदलाशेजारी तो करणाऱ्याचं नाव आपोआप नोंदलं जातं. कोणी केलं हे श्रीविद्याबाई कधीही पाहू शकतात, बहुतेक पाहिलंही असेल. का केलं हे तिथे दिसत नाही. ते फक्त तुला माहीत आहे. काढूनच टाकायचं असतं तर त्यांनी प्रश्न विचारला नसता.

तुझी चूक कोणती ते नीट वेगळं कर. दुरुस्ती ही चूक नाही. न सांगता केलीस, ही चूक. वर्गात तू वहीवर वाकायचीस तेव्हा त्या मुलाला तुझा हात दिसायचा, अक्का. इथे प्रणीतला हात दिसत नाही. आपण बरोबरच लिहिलं होतं असं त्याला वाटतं आणि पुढच्या धड्यात तो तेच करतो. तू त्याला सांभाळून घेतलंस असं तुला वाटतं. प्रत्यक्षात त्याला शिकू दिलं नाहीस.

आजच लिही. आधी प्रणीतला वेगळं, मग श्रीविद्याबाईंना. मी केलं, अमुक ठिकाणी केलं, आणि प्रत्येक बदलाशेजारी एका ओळीत कारण. मागे पडलेले तुझे धडे कधी पूर्ण होतील तेही सांग. क्षमा एकदाच माग.

भावोजींनाही सांग. आणि पाटी परत लाव.

शलाका


येलहंका
१ मार्च

चि. शलाकास अनेक, अनेक उ. आ.

पाटी दारावर आहे. ठेवलं मला!

तू सांगितलंस तसं सगळं लिहिलं. क्षमा दोनदा मागितली गेली, ते सोड. श्रीविद्याबाईंचं उत्तर यायला तीन दिवस लागले. त्या दिवसांत मी राहिलेले धडे पूर्ण केले, कारण हात रिकामे ठेवले असते तर वेड लागलं असतं. त्यांनी लिहिलं की बदल बरोबर आहेत आणि शेजारची कारणं तर सगळ्यांनी वाचावीत अशी. यापुढे कोणाचाही धडा माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाणार नाही, तेच माझं काम. खाली एक ओळ होती, पण पुन्हा न दिसणाऱ्या भुतासारखं काम करू नका. सरी, म्हटलं, बरं.

प्रणीतने दोन दिवसांनी कळवलं. म्हणतो की या महिन्यात माझ्या चुका कमी झाल्या म्हणून मी खुशीत होतो, तुम्ही ती घालवलीत. आणि शेवटी लिहिलं, थँक्स अक्का. मॅम नाही, अक्का!

तुझ्या भावोजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की पाटी उतरली त्याच दिवशी त्यांना कळलं होतं, मी कधी बोलते याची ते वाट बघत होते. भाग्यलक्ष्मी आता जिन्यातच लोकांना थांबवते आणि सांगते, मॅडम ऑफिसात आहेत. मला उभ्या उभ्या रडू आलं. छाती मोकळी झाली गं.

आता तुझी पाळी. तुझी सगळी पत्रं काल पुन्हा वाचली. माझ्या कामाबद्दल एकेक शब्द तोलून लिहिलेला. स्वतःबद्दल काय, तर ‘ठीक’, ‘जेवते’, ‘संपर्क असतो’. मी रोज लिहीत होते ना, काही अडलं नाही म्हणून? अगदी तसंच. समोर नसलेल्या माणसाचा चेहरा वाचता येत नाही, हे मला कोणी शिकवलं? तर मोठ्या बहिणीला तीन गोष्टी लिहून पाठव. मधली गाळायची नाही.

डॉक्टरांनी रोज हळू आवाजात कोणाबरोबर तरी वाचायला सांगितलं आहे. तुझे भावोजी दुसऱ्या ओळीला घोरतात. हे सहज सांगितलं.

तुझी नोकरदार
अक्का


इलेक्ट्रॉनिक सिटी
४ मार्च

ती. अक्कास शलाकाचा सा. न. वि. वि.

तुझं काम टिकलं हे वाचून मी खुर्चीवरून उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. एवढं मी सहसा करत नाही.

तू मागितलेल्या तीन गोष्टी.

आज काय केलं. सकाळी कुरिअरवाला आला. खालून फोन करून त्याने विचारलं, कितवा मजला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आवाज आला नाही. खाकरून पुन्हा सांगावं लागलं. याआधी मोठ्याने कधी बोलले होते ते आठवून पाहिलं. आठवलं नाही. माझ्या घशाला काही झालेलं नाही.

कुठे अडलं. इथेच. माझं काम उत्तम चालतं. सगळं लिहून होतं, त्यामुळे कोणाला काही कमी दिसत नाही. मला दिसत होतं आणि मी न सांगता दुरुस्त करत होते. रेडिओ सुरू ठेवते. शमिका गेल्यावरही भात दोघींचा लावते. हा परिच्छेद मी खोडून पुन्हा लिहिला आहे. लिहिल्यावर बरं वाटतं आहे, हेही नोंदवते.

उद्या काय. टीमला कळवलं आहे की उद्यापासून आठवड्यातले तीन दिवस मी येलहंक्याहून काम करीन. कोणी कारण विचारलं नाही. घरून काम करते एवढंच त्यांना माहीत असतं, घर कोणतं हे कोणी बघत नाही. सकाळच्या बसने निघते. मला एक टेबल पुरे. पाटीची गरज आता मलाही पडेल. भाग्यलक्ष्मींना सांग, माझ्याशी खुणा करू नका, बोला. तुझ्या वाचनाला रोज मी बसेन. पहिले काही दिवस दोघींचा आवाज सारखाच निघेल, भावोजींनी हसू नये.

इथला भात इथेच संपवून येते. तिथे एक वाटी जास्त लाव.

लोभ पत्रातून मागण्याची ही शेवटची खेप. उद्या घ्यायला येते.

तुझी,
शलाका