आय दाराबाहेर उभी आहे

खारेपाट, पेण
मंगळवार, २२ नोव्हेंबर १९९४

चिरंजीव जनू यास,

नाथामामाचे तोंडभर आशीर्वाद. सूनबाईलाही, आणि छकुलीचा माझ्या वाटचा एक पापा घे. इकडे सगळं ठीक म्हणायचं. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला. औंदा खाडीचा बांध फुटला नाही, त्यामुळे शेत वाचलं आणि जिताडे मासे मात्र आत आले नाहीत. एक डोळा हसतो, एक रडतो. माझे गुडघे कुरकुरतात. तुझी आय बरी आहे. खोकला आहे, पण तो तिचा जुना भाडेकरू.

तिच्याबद्दल पुढे लिहितो. आधी तुझ्या पुस्तकाचं.

तू दिलेलं ते काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक मी वाचलं. सगळं नाही, पण येशूच्या गोष्टी दोनदा वाचल्या. माझी शाळा तिसरीत संपली हे तुला ठाऊक आहे. पुढचं शिक्षण वाण्याच्या पुडीच्या कागदावर. साखर डब्यात गेली की कागद माझा, आणि गोष्ट अर्धी असली तर उरलेली मनाने लावायची. तुझ्या पुस्तकात गोष्टी पुऱ्या आहेत. आवडल्या. धोंडे उचलून बाईला मारायला आलेल्यांना त्याने जे ऐकवलं, ते वाचून मी पुस्तक मिटलं. आपल्या भावकीत असा एक जण असता तर किती बायांचे जीव वाचले असते, असं वाटलं. घर सोडून गेलेलं पोर परत येताना दिसतं आणि म्हातारा बाप रस्त्यापर्यंत धावत जातो, ती गोष्ट तर मी तुझ्या आयला वाचून दाखवली. तिने पुन्हा वाच म्हटलं.

आणि तुझी बाटली या पुस्तकाच्या माणसांनीच सोडवली, हे मी विसरत नाही. आमचे नवस, अंगारे, तुझ्या आयचे, सगुणाबायचे उपास, सगळे थकले. रोह्याजवळच्या वरशाच्या त्या खोलीत चार परकी माणसं तुझ्यासाठी रडली आणि तू प्यायचा थांबलास. ज्याने आमचं पोर परत दिलं त्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. खाल्ल्या मिठाला आम्ही मिठागरातली माणसं जरा जास्तच जागतो.

पण एका पानावर माझं तारू रुतलंय ते निघत नाही.

तो घरात बसून लोकांना शिकवतोय. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत. निरोप आत जातो. तर तो म्हणतो, कोण माझी आई, कोण माझे भाऊ? आणि समोर बसलेल्यांकडे हात करून म्हणतो, देवाचं ऐकतात तेच माझे. झालं. मी पान उलटलं. मला वाटलं, एवढं बोलून तो उठला असेल, बाहेर गेला असेल, काय गं आई, कशी आलीस, म्हणाला असेल. पुढे तर दुसरीच गोष्ट सुरू. आई बाहेरच राहिली.

आणखी एके ठिकाणी, आईबापाचा द्वेष केल्याशिवाय माझ्यामागे येता येणार नाही, असंही आहे. हे कसं गिळायचं, सांग. एखाद्याने शंभर गोष्टी सोन्यासारख्या सांगितल्या, म्हणून एकशे एकावी कसोटीवर घासायची नाही?

गेल्या आठवड्यात दात काढायला रोह्याला आलो होतो. तुझ्याकडे न येता परत गेलो, रागावू नको. एसटी स्टँडवर तुमचे पाळक भेटले. माणूस गोड. मला चहा पाजला, तोही उजव्या बाजूने प्या म्हणून आठवण करून. मी त्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, द्वेष म्हणजे खरा द्वेष नाही, देवावर त्याहून जास्त प्रेम करा एवढाच अर्थ. आणि आईचं म्हणाल तर,

"नाथाकाका, त्यांनी आईला दूर नाही केलं. सगळ्या जगाला जवळ केलं."

मी म्हटलं, "जगाला आत घ्यायला आईला बाहेर ठेवावं लागलं? एवढं लहान होतं का हो घर?"

ते हसले. मग हसू ओसरलं आणि म्हणाले, यावर मी प्रार्थना करीन. मला ते आवडलं. आपले बुवा असते तर माझंच पाप काढलं असतं.

आपलेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत, ते मला कळतं. बायकापोरं वाऱ्यावर टाकून देव शोधायला गेलेल्यांच्या पायावर आपण डोकी ठेवतो. पण आपल्याकडे एक पुंडलिकही झाला. देव दारात आला तर त्याने वीट फेकली आणि सांगितलं, थांब, आईबापाचे पाय चेपतोय. तोही आधी त्यांना छळून बसला होता म्हणतात. देव थांबला. रागावला नाही. जो देव थांबू शकतो त्याच्यावर माझा जीव बसतो, मग त्याचं नाव काही असू दे.

हात दुखला. बाकीचं उद्या.

गुरुवार

उद्या म्हटलं आणि दोन दिवस गेले. पत्र फळीवर होतं. जाता-येता बघत होतो, हात लागत नव्हता. जे लिहायचं ते अजून लिहिलंच नाही.

दसऱ्यानंतर सगुणाबाय वरशाला तुमच्या रविवारच्या प्रार्थनेला आली होती. तू घरी यायचा थांबलास त्याला दोन गणपती झाले, म्हणून तीच निघाली. तू दारूतून उठलास तेव्हा भावकीने तुझ्या नव्या देवावरून तुला जे टोमणे मारले, त्यात ती नव्हती. इंदुबाई म्हणून तुमच्यातली कुणी आहे, तिने बाहेर येऊन हिला आत ये म्हटलं. ही म्हणाली, माझा लेक येईल न्यायला. इंदुबाईने आत तुला सांगितलं. तू म्हणालास, दार उघडं आहे, माझी आई इथे बसलीय ती सगळी. ती भाबडी बाई, तिने बाहेर येऊन जसंच्या तसं सांगितलं. सोबत पाणीही आणलं होतं. सगुणाबाय पाणी प्यायली, तिने भांडं उपडं घातलं आणि दुपारची गाडी धरली.

तुला वाटलं असेल, आय हट्टाने बाहेर उभी राहिली, आमच्या देवाचा विटाळ मानते. गेल्या खेपेला भावकी आली ती तमाशा करायलाच आली होती, म्हणून तुला तसं वाटलं असेल. पण तू खारेपाटातला आहेस ना रे? आपल्यात रांडावलेली बाई परक्या पूजेच्या घरात आपणहून पाय घालत नाही. तिचं माणूस उंबऱ्यापर्यंत येतं, ये म्हणतं, तेव्हा ती आत जाते. रीत वाईट आहे, मोडा म्हणालात तर मी पहिला. पण ती त्या रिवाजात म्हातारी झाली. तिला इंदुबाईचं बोलावणं पुरलं नाही, कारण ती इंदुबाईची कुणी नव्हती.

आणि तू पुस्तकातलं उत्तर दिलंस. हुबेहूब. म्हणून ते पान माझ्या घशात अडकलंय, जनू. येशूला मी ओळखत नाही. तुला ओळखतो. पाळण्यात असल्यापासून.

भाऊबीजेला ती मला ओवाळायला आली. मी ताटात ओवाळणी टाकली, ती तिने परत माझ्या हातात ठेवली. म्हणाली, यंदा मलाच तुला काहीतरी द्यायचंय. पदराखालून लाल फडक्याचं गाठोडं काढलं. तिच्या देव्हाऱ्यातले टाक. तुझ्या आजीपासूनचे. म्हणाली, हे तुझ्याकडे ठेव, त्यांना उपाशी ठेवू नको.

मी विचारलं, तू कुठे चाललीस?

"नाथा, मी त्यांचं पाणी घेतलं, मंग तो मला आय बोलंल ना रं?"

ताटातला दिवा विझू नये म्हणून हात आड धरून बसलो.

तिला तुमच्या देवाचं ओझं नाही, ओढही नाही. तुझा देव तिला तुझ्या घराची ओटी वाटतो, ती ओलांडली की लेक भेटेल. कुंडलिका नदीच्या गार पाण्यात उतरून तुमचा बाप्तिस्मा घ्यायला ती तयार आहे, हा खोकला घेऊन. अजून तुमच्यात कुणाला बोलली नाही. पाळकांनाही मी सांगितलं नाही. चार डिसेंबरच्या रविवारी येऊन स्वतःच सांगणार आहे. मी अडवणार नाही. तिचं मन खरंच तिकडे गेलं, तर टाक मी पुजीन आणि भाऊबीजेला मीच तिच्याकडे जाईन. मात्र रात्री झोप येत नाही. जन्म दिलेल्या बाईला आई होण्यासाठी आणखी काय द्यावं लागावं?

तुझ्याच पुस्तकात शेवटी बघ. त्याला खिळ्यांवर टांगलं तेव्हा समोर त्याची आई उभी होती. आत बसलेल्यांतले, ज्यांना त्याने आपलं म्हटलं, त्यातले कितीतरी पळाले होते. ही तेव्हाही उभीच. आणि त्या यातनेत त्याने तिची सोय लावली, शिष्याला म्हणाला, ही तुझी आई. मला वाटतं ते दार त्याला आठवलं असेल. पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. अर्ध्या गोष्टी मनाने लावायची माझी जुनी खोड.

एवढी वेळ येईपर्यंत तू थांबू नको.

चार तारखेला मी तिला घेऊन येईन. ती तुमच्या दाराबाहेर उभी राहील, मी समोर पिंपळाखाली. इंदुबाईला पाठवू नको. प्रार्थना मोडली तर मोडू दे, तुझा देव थांबायचा असेल तर थांबेल. तू बाहेर ये. तिला आय म्हण. त्यानंतर ती आत येते का माझ्याबरोबर परत फिरते, ते तिचं ती ठरवील.

तुझ्या आयचा भाऊ,
नाथा