ओल्या अक्रोडांची साल

सान आंद्रेस काल्पान,
मंगळवार, २५ ऑगस्ट

प्रिय नोएमी,

माझं अक्षर ओळखून पाकीट तसंच बाजूला ठेवलं नसशील, या आशेवर लिहिते आहे. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण बाजार माझा मीच करते. ज्वालामुखीच्या डोंगरानं गेल्या आठवड्यात दोनदा राख टाकली. वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. मागल्या दारचं पेअरचं झाड यंदा इतकं लगडलं, की एक फांदी मोडूनच पडली. तुझ्या मॉन्तेर्रेला ऊन फार असतं म्हणतात. जपून राहा.

अक्रोडाच्या नोगादातल्या भरल्या मिरच्यांचे दिवस आहेत. चर्चच्या जत्रेसाठी साठ मिरच्या माझ्याकडे सांगितल्या होत्या. मिरच्या भाजून सोलायला शेजारची रेमेदिओस आली. ती अजून तशीच आहे. म्हणते, "होवीता, तुझ्या मिरचीच्या वासानं मेलेले नवरे उठून यायचे. माझा आला तर सांग, घर बदललं म्हणून."

बरं, आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

तुझी सित्लाली आली होती, परवाच्या रविवारी. तिला रागावू नकोस. पुएब्लाच्या तिच्या कॉलेजापासून इथं यायला बसनं तास-सव्वा तास लागतो. तुला न सांगता आली ही तिची चूक, आणि तिला आल्या पावली परत पाठवलं नाही ही माझी. मी तिला ओळखलंच नाही गं. सात वर्षांची गेलेली पोर एकोणीस वर्षांची होऊन दारात उभी.

"आजी, मी सित्लाली."

मी तिला आत घेतलं. म्हटलं, "जेवलीस का?"

दालचिनीची कॉफी दिली. ती पिऊन झाल्यावर तिनं आपणहून एप्रन बांधला आणि माझ्यासमोर अक्रोड सोलायला बसली. ओल्या अक्रोडाची ती पातळ साल नखानं काढताना माणसाचा जीव जातो, तुला ठाऊकच आहे. पाचव्या अक्रोडाला म्हणाली, "थोडी साल राहिली तर काय बिघडतं?" अगदी तुझ्यासारखी. मी म्हटलं, "नोगादा कडू होते." मग मी मिरच्या अंड्यात घोळवायला घेतल्या, तर नाक मुरडून सांगते, "आई म्हणते, अंड्यात घोळवलेली मिरची म्हणजे कोट घालून पोहायला उतरणं." मी इतकी हसले, की खुर्चीला धरून बसावं लागलं. तिच्यासाठी दोन मिरच्या बिनअंड्याच्या ठेवल्या. या घरात पहिल्यांदाच.

दोन्ही खाल्ल्या तिनं. वरून ओतलेली गार, पांढरी, दाट नोगादा, आत गरम खिमा, त्यात पीच आणि पेअरचे तुकडे, आणि मधेच दाताखाली फुटणारं डाळिंब. ताट बोटानं पुसून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या घरी अशीच लागते." तू तिकडे अजून करतेस, तेही अंडं सोडलं तर माझ्याच पद्धतीनं, हे मला माहीत नव्हतं. ते ऐकून मी उगाचच उठून पाणी प्यायले.

मग आम्ही अक्रोडांची दुसरी टोपली घेतली. मान वर न करता तिनं विचारलं, "आजी, बाबांचं आत्लिस्कोला दुसरं कुणी आहे, हे तुला आधीपासून माहीत होतं?"

नोएमी, तूही हेच विचारलं होतंस. याच टेबलाशी, अक्रोड सोलताना. "आई, एवारिस्तोचं बाहेर काही आहे का? तुम्हाला माहीत असेल तर सांगा." आणि मी म्हणाले होते, "साल नीट काढ."

मला माहीत होतं. तू माहेरी गेलेली असताना त्यानं तिला या घरी आणलं होतं. मी तिला कॉफी दिली होती, तुझ्याच कपातून. त्यानंतर दोन वर्षं तू माझ्या स्वयंपाकघरात राबलीस, माझं ऑपरेशन झालं तेव्हा मला न्हाऊमाखू घातलंस, आणि मी रोज तुझ्या तोंडाकडे बघून गप्प राहिले. शेवटी बाजारात कुणा परक्या बाईच्या तोंडून तुला कळलं, आणि तू लेकीला घेऊन निघून गेलीस. घर टिकावं म्हणून गप्प राहिले, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. बोलले तर मुलगा तुटेल ही भीती होती, आणि तू निघून जाशील ही त्याहून मोठी. तुझ्यावाचून मला करमलं नसतं. म्हणून तुला फसत राहू दिलं.

या खेपेला मी सांगितलं, "हो. माहीत होतं."

तिचे हात थांबले. हातातला अक्रोड टोपलीत ठेवून म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? आईला सांग."

"फोन करू?"

"नको. फोनवर तू मिरच्यांचंच बोलत बसशील."

बघ, पत्रातही निम्मं तेच झालं.

चारच्या बसला तिला सोडायला गेले. चढताना तिनं विचारलं, "पुन्हा येऊ?" मी म्हटलं, तुझ्या आईला विचारून सांगते. तेवढंच विचारते आहे. माफी मागत नाही. ती मागायची वेळ मी या बारा वर्षांत घालवून बसले. तू नको म्हणालीस, तर ती आली तरी परत पाठवीन. फक्त उपाशी पाठवणार नाही, एवढी सूट दे.

एवारिस्तो नाताळला येतो, दोन तास बसतो, जातो. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

तू मला आई म्हणायचीस. त्या हाकेला मी जागले नाही. म्हणून खाली नुसतं नाव लिहिते. त्याच्या आधी काय लावायचं, की काहीच लावायचं नाही, हे तू ठरव.

होवीता