वहिनीला विचारायचं राहिलं

शनिवार, संध्याकाळ

पीएच.डी.साठी तीन वर्षं तळेऱ्यापासून विजयदुर्गापर्यंत बायकांना विचारत फिरले. म्हातारपणासाठी काय साठवता, पेन्शन योजना ठाऊक आहे का. राहत होते मात्र कसालला, वहिनीकडे. ती बाजारात मासे विकते, माझं जेवणही त्यावरच. तिला एकदाही विचारलं नाही. का? घरचीच म्हणून?

आज माझे कागद चाळताना तिनेच विचारलं, "ही पेन्शन माका मेळात काय गो?"

"चाळिशीच्या आत नाव घालूक व्हया, वहिनी."

"माका आता एकेचाळीस." मग जराशाने म्हणाली, "तू इलंस तेव्हा अडतीस होती."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. अडतीस. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. प्रबंधात मीच लिहिलंय, बायकांपर्यंत माहिती पोचत नाही.

"बँकेत विचारतंय, दुसरा काय तरी असात," मी म्हटलं.

"बघ," म्हणाली आणि मला वाढायला उठली. भूक नव्हती, पण नको म्हणायची हिंमत झाली नाही.